इंजिनाचं अस्तर, जाडी दोन सूत

मु. पो. कवठे येमाई, ता. शिरूर
सोमवार, ९ डिसेंबर १९६३

दौंडच्या लोकोशेडचे भूषण, रुसलेल्या इंजिनांचे धन्वंतरी, आमचे एकुलते एक मेहुणे राजमान्य राजश्री जॉर्जराव यांस, कवठ्याच्या पिठाच्या गिरणीतून शलमोन मिस्तरीचा दोन्ही हात जोडून सलाम. (हात धुतलेले आहेत. हे का लिहावं लागलं ते पुढं कळेल.)

इकडं देवाच्या दयेनं सर्व ठीक आहे, असं लिहायची आपल्या मंडळींत पद्धत आहे. पण आमच्या घरची दया गेले अकरा दिवस तुमच्याकडे असल्यामुळं मला या खेपेला नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच लिहिता येतं. तुमचा खोकला कसा आहे? शेडमधला धूर आणि खिशातली विडी यांतलं एक तरी सोडा, असं मी नाही, डॉक्टर म्हणतात. सायकलचा मागचा ब्रेक बसवून घेतलात का? शेळी व्यायली का? दबोरावहिनींच्या शिवणयंत्राची तब्येत कशी आहे? (त्या यंत्राचा विषय पुढं निघणार आहे, म्हणून आधीच विचारपूस करून ठेवतो.) शिवाय तुमच्याकडे सध्या आणखी एक माणूस मुक्कामाला आहे. त्या माणसाला जेवण जातं का, थंडीनं गुडघा धरतो का, आणि रात्री पायाशी घोंगडी घेते की नाही, हेही कळवावं. ही चौकशी मी करतोय असं समजू नये. पत्रात घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारावी असं आम्हाला मिशनच्या शाळेत शिकवलं होतं, म्हणून ती ओघात आली.

पत्र तुमच्या नावानं आहे, पण ते तुमच्या हातात सगळ्यात शेवटी पडणार हे मला ठाऊक आहे. पोस्टमन ते वहिनींना देतो, वहिनी उघडतात, चुलीपाशी बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि तुम्ही ड्युटीवरून येईपर्यंत त्याचं निम्मं उत्तरही लिहून तयार असतं. (वहिनी, राग मानू नका. तुमचं वाचन स्पष्ट आणि खणखणीत आहे, पलीकडच्या खोलीत कोणी हुप्प होऊन बसलं असेल तर त्यालाही ऐकू जातं, आणि माझी त्याला काही हरकत नाही.) पण हा सगळा घोळ झाला तो तुमच्या घरच्या याच रिवाजामुळं. तेव्हा मुळापासून सांगतो.

दिवाळी झाली आणि आमच्या इंजिनाचं लायनर गेलं. लायनर म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे पाद्रीसाहेबांना उपदेश करण्यासारखं आहे. पण वहिनी वाचतायत, आणि त्यांना ते कोणी वेळेवर सांगितलं असतं तर मी आज हे पत्र लिहीत बसलो नसतो. तर वहिनी, इंजिनाच्या पोटात एक पोकळी असते. तिथं तेलाचा फवारा उडतो, दाबून तापलेल्या हवेत तो भडकतो, आणि त्या भडक्यासरशी पिस्टन खाली ढकलला जातो. असा तो मिनिटाला सहाशे वेळा वर-खाली नाचत असतो. आता हा जाळ आणि ही घासाघीस इंजिनाच्या मुख्य अंगालाच लागली, तर दोन-चार वर्षांत सगळं इंजिन भंगारात जाईल. म्हणून आत बिडाचा एक नळा बसवलेला असतो. भाजायचं त्यानं, झिजायचं त्यानं, बाहेरून पाण्याचा गारवा घ्यायचा आणि आतली आग मुकाट्यानं सोसायची तीही त्यानंच. नाव मात्र इंजिनाचं होतं. त्या नळ्याला लायनर म्हणतात. इंजिन चालू असतं तेव्हा तो कोणाला दिसत नाही, आणि तो गेल्याशिवाय त्याची कोणाला आठवणही येत नाही. (हे मी इंजिनाबद्दल लिहितोय.)

आमचं लायनर नऊ वर्षं टिकलं. मग इंजिन सकाळी चालू व्हायला कुरकुरायला लागलं. हँडल मारून मारून माझा खांदा निखळायची वेळ यायची तेव्हा कुठं ते एकदा शिंकायचं, आणि पुन्हा झोपायचं. धुराडं निळा धूर सोडायला लागलं. ऑइल ओतावं तर दोन दिवसांत गडप. शेवटी हेड काढून आत बोट फिरवलं, तर वरच्या अंगाला चक्क पायरी हाताला लागली, आणि गोल नळ्याचं झालं होतं अंडं. अशा नळ्यात दाब राहतो कसा? गिरणी बंद पडली.

आमचे मालक बबनराव तुम्ही पाहिलेले आहेत. माणूस सोन्यासारखा आहे, पण गेल्या वर्षी पंचायत समितीवर निवडून आला आणि मराठीच्या मागं लागला. गिरणीवरची जुनी पाटी काढून त्यांनी ‘धान्यचूर्ण यंत्रालय’ अशी नवी पाटी लावली. (ती वाचून दोन माणसं पोटदुखीचं चूर्ण मागायला येऊन गेली.) पिस्टनला दट्ट्या म्हणायचं, रिंगांना कड्या म्हणायचं, हेडला डोकं म्हणायचं. एकदा मी भर गिऱ्हाइकांत ओरडलो, ‘बबनराव, डोकं तपासलं, आत भेग आहे,’ तेव्हापासून हेडला हेड म्हणायची परवानगी मिळाली. लायनरचं मात्र त्यांनी ऐकलं नाही.

“मिस्तरी, आता राज मराठीचं हाय,” ते म्हणाले. “लायनर न्हाई म्हनायचं. अस्तर म्हनायचं. कोटाला आतनं असतं त्ये अस्तर, तसं इंजनाला आतनं असतं त्येबी अस्तरच की. व्हय का न्हाई?”

खरंच होतं ते. मी म्हणालो, आमचे मेहुणे रेल्वेत फिटर आहेत, दौंडला त्यांच्या ओळखीत कोणाकडे तरी या मापाचं मिळेल, मी पत्र टाकतो. बबनराव म्हणाले, पत्र मी सांगतो तसं लिहा. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्या पत्राची नक्कल माझ्याकडे नाही, पण त्यातला शब्द न् शब्द आता सगळ्या कवठ्याला पाठ आहे: ‘इंजिनाकरिता अस्तर एक. आतला व्यास साडेचार इंच. लांबी नऊ इंच. जाडी दोन सूत. वरच्या टोकास कॉलर असावी. खालच्या टोकास रबरी कड्या दोन बसतील अशी सोय असावी. काम सुबक पाहिजे.’

जॉर्जराव, हे पत्र तुमच्या हाती पडलं असतं तर तुम्ही ते एका दमात समजला असता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे सुतारापासून गवंड्यापर्यंत सगळे जाणतात. लायनरच्या वरच्या काठाला कॉलर असते, तिच्यावर ते बसतं. आणि पाणी खाली ऑइलमध्ये झिरपू नये म्हणून रबराच्या रिंगा असतात. पण तुम्ही त्या आठवड्यात ड्युटीवर कुर्डुवाडीला. पत्र उघडलं वहिनींनी. आणि आता मी त्यांच्या बाजूनं विचार करून पाहतो तेव्हा मला त्यांची काडीइतकीही चूक दिसत नाही. (वहिनी, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मोठ्यानं.) लोक रेडिओला गवसणी शिवतात, शिवणयंत्राला झालर लावतात, सायकलच्या सीटला गोंडे बांधतात; मग कवठ्यातल्या एखाद्या हौशी मालकानं इंजिनाला अस्तर मागितलं तर त्यात नवल काय? अस्तर म्हणजे कापड, आणि दोन सूत म्हणजे दोसुती. भरतकामाला दोसुतीच लागते हे कोणतीही बाई सांगेल.

पार्सल आलं ते २७ तारखेला, बुधवारी, शिरूरच्या एसटीनं. कंडक्टरनं ते मला खिडकीतून एका हातानं दिलं आणि मी ते एका हातानं झेललं. पाव इंच जाडीचं बिडाचं लायनर खिडकीतून झेलता येतं, याचाच मला संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, रेल्वेवाल्यांनी काही नवीन हलका धातू काढला असेल. तुमच्याविषयी माझं मत पहिल्यापासूनच फार मोठं आहे. गिरणीत त्या वेळी अकरा बायका दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या, कारण ‘आज अस्तर येणार’ ही बातमी माझ्याआधीच गावात फिरली होती. त्या अकराजणींच्या समोर मी पार्सल सोडलं.

आतून निघाली एक पांढरीशुभ्र, दोसुतीची, दुहेरी शिवलेली बाही. वरच्या टोकाला कॉलर, तिला शिंपल्याचं बटण. खालच्या टोकाला दोन नेफे, दोन्हींत रबरी नाडी ओवलेली, आणि त्याखाली बोटभर रुंदीची झालर. समोरच्या अंगाला दोन हिरवे पोपट, चोचीला चोच लावून, आणि त्यांच्या खाली लाल रेशमात ‘सुस्वागतम’. मी टेप काढून मापलं. आतला व्यास साडेचार. लांबी नऊ. केसभर इकडं नाही की तिकडं नाही. जॉर्जराव, आमच्या पत्रातली एकूण एक अट त्या बाहीनं पाळली होती. फक्त ती कापडाची होती. सोबत वहिनींची चिठ्ठी: ‘पोपट काढायला चार दिवस लागले. इंजिनाला आवडेल अशी आशा आहे.’

सारजाबाई पुढं झाली. (सारजाबाई म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांची पुढारी. तिचं दळण आधी झालं नाही तर गिरणीचा पट्टासुद्धा घसरतो.) म्हणाली, “अगं बया! मिस्तरी, कुंची हाय व्हय? कुनाची वो?” दयेचं वय सत्तेचाळीस, आमचा धाकटा पलटणीत, आणि घरात कुंची घालणारं तान्हं कोणी नाही, हे माहीत असूनही ती असं बोलली, आणि मग सगळी गिरणी जी हसत सुटली ती थांबेना. मलाही हसू आवरलं नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण चारचौघांत माणसाला चेव येतो, तसा मला आला. मी ती बाही इंजिनावर टोपीसारखी चढवली आणि इंजिनाला कमरेतून वाकून सलाम केला. अकराजणी डबे वाजवून हसल्या. मी पुन्हा सलाम केला.

त्याच वेळी दया माझी भाकरी घेऊन दारात उभी होती. किती वेळची उभी होती देव जाणे. तिनं फडकं खाली ठेवलं, चिठ्ठी उचलली आणि वाचली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. हात चालू ठेवावेत म्हणून पिस्टन पुसायला घेतला. पिस्टन होता काळ्या ऑइलनं माखलेला, चिंध्या संपलेल्या, आणि हाताशी जे आलं त्यानं मी तो पुसला. मिस्तरी माणसाचा हात डोक्याला विचारून काम करत नाही, हे तुम्ही स्वतः मिस्तरी आहात म्हणून समजू शकाल. मी खाली पाहिलं तेव्हा दोन्ही पोपट काळे ठिक्कर झाले होते.

“पुसून झालं?” दया म्हणाली.

“झालं,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली.

लग्नाच्या पंचवीस वर्षांत मला तिचे सगळे ‘बरं’ पाठ झालेत. मीठ विसरल्याचा वेगळा, पाहुणे आल्याचा वेगळा, माझ्या गाण्याला ती देते तो वेगळा. हा मी आधी कधी ऐकला नव्हता. रात्री तिनं जेवायला वाढलं, पण हाक मारून नाही. ताट ठेवल्याचा आवाज तेवढा झाला. सकाळी उठून पाहतो तर पिशवी भरलेली, आणि वर माझा लग्नातला काळा कोट घडी घालून ठेवलेला. शेजारणीनं विचारलं, कुठं चाललात? तर हसून म्हणाली, “ह्यांच्या कोटाचं अस्तर इरलंय. नाताळ आलाय. वयनीकडनं बदलून आणते.” ‘अस्तर’ या शब्दाला तिनं जरा जास्त वेळ घेतला. मी पिशवी एसटीपर्यंत नेतो म्हणालो, तर म्हणाली, नको, हात काळे असतील. मग शिरूरची गाडी आली आणि ती गेली. तिथून दौंडची गाडी मिळायला किती वेळ लागला, उन्हात उभं राहावं लागलं का, हे मला आजतागायत कोणी कळवलेलं नाही.

ती गेली त्याच दिवशी गावानं आपापली जाती बाहेर काढली. कोपऱ्यात पालथी पडलेली, कोंबड्यांनी खुराडं केलेली जाती धुतली, टाकी लावून पाळ्या खरबरीत करणाऱ्या पाथरवटाला बोलावणं गेलं, आणि पहाटे घराघरातून घरघर ऐकू यायला लागली. बबनराव खूश. पारावर उभं राहून त्यांनी भाषण केलं की जातं ही आपली संस्कृती आहे आणि इंजिनानं आपण ती घालवून बसलो होतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यांचे तळहात सोललेले होते. सारजाबाई मला वाटेत गाठून म्हणाली, “मिस्तरी, तुमच्या त्या कुंचीपायी माजं खांदं सुजलं. काय करायचं त्ये करा, पर इंजन बोललं पायजे.” मी तिला म्हणालो, बाई, इंजिन बोलेल; घरात बोलायचं थांबलंय त्याचं काय करू? ती एकदम मवाळ होऊन म्हणाली, “अजून न्हाई आली व्हय?” बबनरावांच्या घरी तर भाषणानंतर वेगळाच कार्यक्रम झाला. मालकीणबाईंनी जात्याला नवा खुंटा ठोकला, पायलीभर बाजरी पुढं ठेवली, आणि संस्कृती नवऱ्याच्या हातात दिली. अर्ध्या तासात बबनराव शर्ट काढून बसले. पाऊण तासात त्यांनी प्यायला पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं ते कोणाला न सांगता कुठंतरी गेले.

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. भाकरी स्वतः थापतो. ती गोल होत नाही, आमच्या जुन्या लायनरसारखी अंडाकृती होते, आणि कडेला तशीच पायरी पडते. पण खाता येते. कोरड्यास काल जळालं, आज जळालेलं नाही, कारण आज केलं नाही. कोंबडी खुडूक बसली आहे. तिला अंड्यांवर बसवायचं की पाण्यात बुचकळायचं हे दयेला माहीत असतं, मला नसतं, म्हणून आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसतो. घर शांत आहे. नको तितकं शांत आहे. सांजच्या प्रार्थनेला बसलो की शेवटी ‘आमेन’ एकट्यानंच म्हणावं लागतं. इतकी वर्षं ते दोन आवाजांत म्हटलं जायचं, त्यामुळं आता म्हणून झालं तरी पुरं झाल्यासारखं वाटत नाही, आणि मी पुन्हा एकदा म्हणतो. (वहिनी, हे वाचून झाल्यावर थोडं थांबा. पाणीबिणी प्या. पलीकडच्या खोलीतून काही आवाज आला तर मला कळवा.)

असो. पत्राचा मुख्य मुद्दा लायनरचा आहे, तो राहूनच जातोय. तर जॉर्जराव, वर दिलेल्या मापाचं बिडाचं लायनर मिळवून इकडं पोचतं करावं, ही विनंती. मात्र ते पाठवण्याच्या पद्धतीकडं नीट लक्ष द्यावं. बीड ठिसूळ असतं. एसटीच्या टपावर टाकलं तर शिरूर येईपर्यंत त्याचे तुकडे होतील. कंडक्टरच्या हाती दिलं तर काय होतं त्याचा अनुभव आपण घेतलेलाच आहे. तेव्हा ते कोणीतरी मांडीवर घेऊन बसून आणलं पाहिजे. माणूस असं हवं, की जे गाडीत डुलक्या घेत नाही, अनोळखी बाईशी गप्पा मारत बसलं तरी मांडीवरच्या वस्तूवरचा हात काढत नाही, आणि ज्याला कवठ्याचा थांबा माहीत आहे. तुमच्याकडे असं माणूस सध्या आहे असं ऐकतो. शिवाय माझ्या कोटाचं अस्तर बदलून झालं असेल तर कोटही त्याच माणसाबरोबर यावा. पोस्टानं कोट चुरगळतो. वर अस्तर नवं असलं म्हणजे तर जास्तच चुरगळतो. नाताळला शिरूरच्या चर्चमध्ये मी कोटाशिवाय गेलो तर मंडळी विचारतील, कोट कुठं आहे? मी सांगेन, दौंडला. मग विचारतील, दयाबाई कुठं आहेत? पुढचं उत्तर मला चर्चमध्ये द्यायचं नाही.

वडीलधाऱ्यांस सलाम, लहानांस पापे, शेळीस योग्य तो मान.

आपला नम्र,
शलमोन मिस्तरी

ता. क. लायनर पाठवू नये. बबनराव त्या पहिल्या गाडीनं पुण्याला गेले होते. दुकानात शिरून ‘लायनर’ हा शब्द स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, लायनर, पिस्टन, रिंगा सगळं घेऊन आले, आणि गेल्या गुरुवारी मी ते बसवलं. इंजिन पहिल्या हँडलला बोललं. गिरणी धडाक्यात चालू आहे. वर मी गिरणी अजून बंद आहे असं कुठंही लिहिलेलं नाही, मागं जाऊन बघा. ‘बंद पडली’ असं लिहिलंय, ती पडली होतीच. देवाला स्मरून खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. तेव्हा मांडीवर काही घ्यायचं नाही. माणूस मोकळ्या हातांनी आलं तरी चालेल.

ता. क. दुसरा, फक्त दबोरावहिनींस. तुमची बाही मी त्याच रात्री रॉकेलमध्ये भिजवली, मग सोडा, मग रिठे, मग साबण. आतून ती निघालीही पहिल्यासारखी. वाळायला कुठं घालावी म्हणून गिरणीत पीठ पडतं त्या नळीवर चढवून ठेवली. आणि वहिनी, काय सांगू, ती नळी बाहेरून बरोब्बर साडेचार इंच आहे! कॉलर वर बसली, रबरी नाडीनं नळी घट्ट आवळली, झालर डब्यात उतरली. गुरुवारी दळण सुरू केलं तर इतकी वर्षं भुरभुर उडून माझ्या मिशांवर बसणारं पीठ मुकाट डब्यात जायला लागलं. सारजाबाई मान वाकडी करून ‘सुस्वागतम’ वाचत उभी राहिली आणि म्हणाली, “ह्याला म्हंत्यात अस्तर!” आता डाळीच्या नळीलाही तसंच एक हवं आहे असा सगळ्या अकराजणींचा हुकूम आहे, मोरांचं काढलं तरी चालेल. त्या दिवशी ज्या जागी उभा राहून मी हसलो होतो, त्याच जागी उभा राहून, त्याच बायकांसमोर, तुमच्या कामाला मी कमरेतून वाकून सलाम केला. दोनदा. तेव्हा कोणी हसलं नाही. माझी चूक झाली वहिनी, माफी असावी.

ता. क. तिसरा. वहिनी, हा भाग मोठ्यानं वाचू नका. कागद पलीकडच्या खोलीत नेऊन द्या.

दया, आतून सगळं धुऊन निघालं. बाहेरून एक पोपट निघाला, हिरवागार, पहिल्यासारखा. दुसरा काळाच राहिलाय. त्याला तीनदा घासला, सारजाबाईनंही घासून पाहिला, निघत नाही. सगळं गाव रोज त्याच्याकडं बघतं आणि मग माझ्याकडं बघतं. ते म्हणतात, ह्याला आता दयाबाईच पाहिजेत. मलाही तसंच वाटतं.